भिंगरीच्या वेण्या

पडदेवाल्या काकूंच्या घरी रोज सकाळी दोन डोकी विंचरली जायची. एक त्यांच्या मुलीचं, बारकीचं. दुसरं समोरच्या दारातल्या भिंगरीचं.

काकू पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायच्या, म्हणून पडदेवाल्या. भिंगरीचं खरं नाव काहीतरी वेगळंच होतं, पण पोरगी एका जागी क्षणभर टिकायची नाही, म्हणून अख्ख्या इमारतीने तिचं नाव भिंगरी ठेवून टाकलं होतं. तिची आई बेकरीत कामाला होती. शहर झोपेत असतानाच ती भट्टीपाशी उभी असायची. घरात दुसरं कुणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एकदा तिने काकूंना भीतभीत विचारलं होतं, "ताई, शाळेत जाताना एवढं हिचं डोकं बघाल का? मी निघते तेव्हा ती झोपलेली असते हो."

"त्यात काय एवढं! एकीचं करते तिथे दोघींचं," काकू म्हणाल्या होत्या. आणि तेव्हापासून भिंगरी रोज सकाळी डोक्यावर चिमणीचं घरटं घेऊन यायची आणि दोन लखलखीत वेण्या घेऊन जायची.

काकूंचा हात होताच तसा. दिवसभर पडद्यांच्या सरळ शिलाया मारून त्यांच्या नजरेला वाकडं काही खपायचंच नाही. कपाळापासून मानेपर्यंत भांग असा पडायचा, की पट्टी ठेवून रेघ मारावी. आधी बोटांनी गुंता सोडवायचा, मग मोठ्या दातांचा कंगवा, मग बारीक. तेलाचा हात, तीन पेड सारखे, शेवटाला रिबिनीचं फूल. एकही बट बाहेर नाही. संध्याकाळी मुली धुळीने माखून घरी यायच्या, पण वेण्या जशाच्या तशा. शाळेच्या फाटकापाशी बायका म्हणायच्या, "वेण्या असाव्यात तर पडदेवाल्या काकूंच्या हातच्या!" काकू वरवर "काहीतरीच तुमचं" म्हणायच्या. मनातून मात्र तेवढ्या एका वाक्यावर त्यांचा दिवस जायचा.

एक गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. भिंगरीचे केस कमरेपर्यंत होते, दाट, जड. हातात घेतले की ओंजळ भरायची. बारकीचे केस म्हणजे उंदराची शेपटी. कितीही तेल लावा, कितीही निगा राखा. बायका कौतुक करायच्या तेव्हा त्यांची नजर भिंगरीच्या पाठीवर असायची, हे काकूंना दिसायचं. भिंगरीची वेणी घालताना कधीकधी त्यांचा हात उगीचच जरा जास्त ओढायचा. "आई गं!" भिंगरी ओरडायची. "हलतेस कशाला मग?" काकू म्हणायच्या.

त्या रविवारी बारकी खिडकीपाशी बसून चित्र काढत होती आणि मधूनच खडू ठेवून डोकं खाजवत होती. काकूंनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि मग तिला ओढूनच उजेडात आणलं. कानामागचे केस वर केले. लिखा. पांढऱ्या, बारीक, केसांना घट्ट चिकटलेल्या. आणि त्यांच्या मधून आरामात चाललेली एक ऊ.

रोज ज्या डोक्यातून कंगवा फिरतो त्याच डोक्यात! पण कंगवा फिरायचा तो घाईत, आणि कानामागे बघायला वेळ कुणाला होता? वेणी नीटनेटकी झाली की काकूंचं काम संपायचं.

त्यांनी दार लावून घेतलं. पडद्याच्या अस्तराचा पांढरा तुकडा जमिनीवर अंथरला, बारकीला त्यावर ओणवं बसवलं आणि बारीक दातांची फणी घेऊन सकाळ घालवली. टपटप पडणाऱ्या काळ्या ठिपक्यांकडे बघून बारकीला आधी गंमत वाटली, मग रडू आलं.

"हे कुणाला सांगायचं नाही हं," काकू म्हणाल्या.

"भिंगरीला पण नाही?"

"भिंगरीला तर मुळीच नाही. तिच्याकडूनच आल्या असतील. दिवसभर गळ्यात गळे घालून हिंडता."

"पण आई, मला तर मामाकडे गेलो होतो ना, तेव्हापासून खाजतंय. तिथे ताईच्या डोक्यात पण—"

"गप्प बस. मान खाली घाल."

बारकीने मान खाली घातली. काकूंनी ऐकलं होतं. आपल्या भावाची मुलगी सुट्टीभर कशी डोकं खाजवत होती, हेही त्यांना त्याच क्षणी आठवलं होतं. पण आठवण आली तशी त्यांनी ती बाजूला सारली, आणि औषध लावून, डोकं धुऊन संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतःला पटवूनही टाकलं, की हे समोरच्या दारातूनच आलं. आईचं लक्ष नाही, दुसरं काय होणार?

सोमवारी भिंगरी नेहमीसारखी नाचत आली आणि स्टुलावर बसली. काकूंनी भांग पाडायला कंगवा टेकवला आणि त्यांना दिसलं. एक ऊ भांगाच्या रेघेवरून ऐटीत रस्ता ओलांडत होती.

तेव्हाच बोलायला हवं होतं. "अगं, दोघींच्याही डोक्यात झाल्यात, संध्याकाळी आईला सांगते," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण दोघींच्या असं म्हणावं लागलं असतं. काकूंनी कधी नव्हे इतक्या भराभर वेण्या आवळल्या आणि मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. बारकी दप्तर घेऊन दारात उभी राहून बघत होती.

शाळा दुकानाच्या वाटेवरच होती. काकू दोघींचे हात धरून फाटकापाशी पोहोचल्या, तर मुलींच्या वर्गाच्या मास्तरीणबाई तिथेच उभ्या होत्या, भोवती चार-पाच आया.

"बरं झालं भेटलात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "वर्गात उवांचा सुळसुळाट झालाय. कुणाकडून सुरू झालं काही कळत नाही. तुम्ही रोज मुलींची डोकी विंचरता, तुमच्या हाताखालून काही सुटायचं नाही. दिसलं का काही?"

सगळ्या बायका काकूंकडे बघायला लागल्या. याच त्या बायका, वेण्यांचं कौतुक करणाऱ्या.

"भिंगरीच्या डोक्यात दिसली आज मला एक," काकू म्हणाल्या.

"आणि बारकीच्या?"

"तिचं डोकं कालच बघितलंय मी. स्वच्छ आहे."

यातला एकेक शब्द सुटा धरला तर खोटा नव्हता, आणि सगळं मिळून धडधडीत खोटं होतं. बारकीने मान वर करून आईकडे बघितलं. भिंगरीने काकूंच्या हातातला आपला हात सोडवून घेतला आणि तो हळूच डोक्यावर नेला, जणू तिथे काय आहे ते तिला आत्ताच कळलं होतं. एका आईने आपल्या मुलीला खांद्याला धरून दोन पावलं मागे ओढलं.

त्या दिवशी दुकानात काकूंनी एका पडद्याची दुमड उलट्या बाजूला शिवली. उसवली, परत शिवली, परत उलटीच. मालक म्हणाले, "काकू, आज लक्ष कुठाय?" काकू म्हणाल्या, "डोकं दुखतंय."

संध्याकाळी समोरच्या दारामागून आवाज आला. बेकरीवालीचा चढलेला आवाज, मग एक चापट, मग भिंगरीचं काहीतरी बोलणं, आणि लगेच दुसरी चापट. मग रडणं. काकू ओट्यापाशी भाजी चिरत होत्या. सुरी हातात तशीच राहिली. दार उघडून जावंसं वाटलं, पण त्यांनी परत भाजी चिरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी आली नाही. काकूंनी बारकीची वेणी घातली आणि कंगवा हातात घेऊन उगीचच थोडा वेळ बसून राहिल्या. शेवटी दोघी निघाल्या, तर समोरचं दार उघडलं आणि भिंगरी बाहेर आली.

डोक्यावर केस असे नव्हतेच. न्हाव्याने मशीन फिरवून बोटभरही ठेवले नव्हते. कान एकदम मोठे दिसत होते, मान काडीसारखी. कमरेपर्यंतच्या त्या जड वेण्यांखाली एवढीशी मुलगी होती, हे काकूंना पहिल्यांदाच दिसलं.

तिच्या मागे तिची आई उभी होती. पहाटेची भट्टी लावून बेकरीतून मधेच सुट्टी घेऊन आलेली. हातात कागदात गुंडाळलेला गरम पाव.

"ताई, माफ करा हो," ती म्हणाली. "मला काल मास्तरीणबाईंनी बोलावून सांगितलं. लाजेने मान वर होईना. मला कुठे वेळ मिळतो हिचं डोकं बघायला! तुम्ही एवढं मायेने करता आणि माझ्या पोरीने तुम्हाला त्रास दिला. तुमच्या हिला नाही ना लागल्या?"

"नाही, नाही," काकू म्हणाल्या.

"देवच पावला. हा पाव घ्या. आजच्याच घाण्याचा आहे."

काकूंनी पाव घेतला. तो इतका गरम होता, की दोन्ही हातांत धरवेना. खाली ठेवायला मात्र त्यांना जागा दिसत नव्हती.

संध्याकाळी नवऱ्याने चहात बुडवून त्याचे चार तुकडे खाल्ले. "झकास आहे," तो म्हणाला. "तू का नाही घेत?"

"भूक नाही."

भिंगरीला आता कुणी विंचरायची गरज नव्हती. ती आपली आपण शाळेत जायला लागली. जिन्यात एकदा काकूंची आणि बारकीची गाठ पडली, तर ती भिंतीला चिकटून उभी राहिली. "काकू, तुम्ही पुढे व्हा. मी मागून लांबून चालते," ती म्हणाली. "म्हणजे बारकीला नाही लागणार."

"अगं, आता तुझ्या डोक्यात आहेच काय?" काकू कशाबशा म्हणाल्या.

"काही नाही," भिंगरी म्हणाली. "पण मुली म्हणतात असतात म्हणून."

आठवडाभराने काकू दुकानातून जरा लवकर सुटल्या आणि बारकीला आणायला शाळेकडे वळल्या. कोपऱ्यावरच त्यांना कोरस ऐकू आला. पाच-सहा मुली हातात हात घालून चालल्या होत्या आणि सुरात ओरडत होत्या, "उवाबाई, उवाबाई, तुझ्या डोक्यात राहतं कोण?" पुढे बरीच लांब एकटी भिंगरी चालली होती, दप्तर पोटाशी धरून. ती पळत नव्हती. जी मुलगी जिना कधी चालत उतरली नव्हती, ती एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखी चालत होती.

आणि कोरसमधला सगळ्यात मोठा आवाज बारकीचा होता.

काकूंनी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. "काय चाललंय हे?"

"सगळ्याच म्हणतात."

"सगळ्या म्हणोत! तू का म्हणतेस? तुला तर माहीत आहे ना—"

"म्हणूनच," बारकी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज खणखणीत होता. "मी नाही म्हटलं तर त्या म्हणतील हिच्या पण डोक्यात आहेत. तूच म्हणालीस ना, कुणाला कळायला नको?"

काकूंनी तिचा दंड सोडला. बोटांचे वळ उठले होते.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, अगदी मामाकडच्या सुट्टीपासून. तो पाण्याच्या खात्यात मीटर वाचायचा. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायची त्याला सवय होती. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"उवाच आहेत गं. तू काही कुणाच्या घरावर दरोडा नाही घातलास," तो म्हणाला. "पोरं आहेत, विसरतील."

"मी नाही विसरत ना पण!"

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "खरं सांगू? ती पोर हल्ली आपली बेल वाजवून पळून जात नाही. मी रोज वाट बघतो, आज वाजेल म्हणून." आणि उठून तो आंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकू दुकानातून थेट घरी आल्या आणि स्वतःच्या दाराकडे न वळता समोरचं दार वाजवलं. बेकरीवाली दुपारी घरी असायची. झोपेतून उठून आल्यासारखी ती दारात आली. काकूंना बघून तिने घाईघाईने केस नीट केले, पलंगावरची चादर ओढली.

"या ना ताई, बसा. चहा टाकते."

"चहा नको. मी उभीच बोलते." बसलं तर आपण दुसरंच काहीतरी बोलून परत जाऊ, अशी काकूंना भीती वाटत होती. "उवा भिंगरीकडून नाही आल्या. बारकीच्या डोक्यात आधी होत्या. माझ्या भावाच्या घरून आल्या. मला आदल्या दिवशीच कळलं होतं. मी तिचं डोकं साफ केलं आणि शाळेत सगळ्यांसमोर तुझ्या मुलीचं नाव घेतलं. वर सांगितलं की आमची स्वच्छ आहे."

बेकरीवाली बघत राहिली. तिच्या हातावर भट्टीचे जुने डाग होते. त्या डागांवरून ती अंगठा फिरवत होती.

"मी तिला मारलं हो त्या दिवशी," ती हळू म्हणाली.

"मला ऐकू आलं."

"ऐकू आलं?" तिने मान वर केली. "ती मला सांगत होती, आई, बारकी पण खाजवते. मी म्हटलं, स्वतःचं झाकायला दुसऱ्याचं नाव घेतेस? काकू तुझं एवढं करतात आणि त्यांच्या पोरीवर ढकलतेस? आणि त्याबद्दल मी तिला आणखी एक दिली."

काकूंना आता बसावंसं वाटलं, पण बसायला कुणी सांगत नव्हतं.

"तुम्ही मला नुसतं सांगितलं असतं," बेकरीवाली म्हणाली, "तर मी औषधाची बाटली आणली असती. दोघींना शेजारी बसवून लावलं असतं आपण. एवढंच होतं ना, ताई? एवढंच होतं."

"चुकलं माझं."

"न्हाव्याकडे ती रडली नाही. केस खाली पडत होते ते बघत होती. मला विचारलं, काकू रागावतील का? त्यांना वेणी घालायला आता काही उरलं नाही." तिचा आवाज बसला. मग ती म्हणाली, "मला कशाला सांगता आता? मला सांगून तुमचं मन हलकं होईल, तिचं काय? शाळेत सांगा जाऊन. जिथे बोललात तिथे."

"सांगते. आजच सांगते."

"बरं. मग जा आता. मला झोपायचंय. पहाटे भट्टी आहे."

दार आपटलं नाही. हळूच लागलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं काकूंना जिना उतरताना वाटलं.

शाळा सुटायच्या वेळेला फाटकापाशी नेहमीचीच गर्दी होती. काकूंनी दुकानात निरोप धाडला होता, की आज परत येत नाही. मास्तरीणबाई मुलींची रांग घेऊन बाहेर आल्या तशा काकू पुढे झाल्या.

"बाई, मला बोलायचंय. त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत आणि मी खोटं बोलले."

"अहो, कशाबद्दल?" मास्तरीणबाई हसत म्हणाल्या.

"उवा माझ्या मुलीच्या डोक्यात आधी झाल्या होत्या. मला माहीत होतं. भिंगरीला बारकीकडून लागल्या, आणि नाव मी भिंगरीचं घेतलं."

बोलताना त्यांचा आवाज फाटला आणि त्यामुळे हवा होता त्याहून मोठाच निघाला. बायकांची कुजबुज थांबली. मास्तरीणबाईंचं हसू तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं. "बरं बरं, असू द्या," त्या इकडेतिकडे बघत पुटपुटल्या. "मुलांमध्ये होतंच असं. एवढं मनाला लावून घेऊ नका."

"मनाला लावून घ्यायलाच हवं, बाई. बारकी सांगते, तुम्ही तिला मागच्या बाकावर एकटीला बसवलंय. तिला उद्या पुढे घ्या. आणि वर्गात सांगा का ते. तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी येऊन सांगते."

"नाही, नाही, मी सांगेन," मास्तरीणबाई म्हणाल्या. आता त्याही खजील झाल्या होत्या.

एक बाई फिसकन हसली. वेण्यांचं सगळ्यात जास्त कौतुक करणारी जी होती, तिने आपल्या मुलीचा हात धरला आणि काकूंकडे न बघता चालू लागली. काकूंचे कान तापले. पण त्या भिंगरीला शोधत होत्या. ती रांगेच्या शेवटी, सगळ्यांपासून हातभर अंतरावर उभी होती.

काकू तिच्यापुढे जाऊन खाली बसल्या. "भिंगरी, ऐकलंस ना?"

"म्हणजे माझ्याकडून नाही आल्या?"

"नाही."

"बारकीकडून माझ्याकडे आल्या?"

"हो."

भिंगरीने थोडा विचार केला. "मग मला केस का कापावे लागले?"

"माझ्यामुळे," काकू म्हणाल्या.

भिंगरीने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग तिने दप्तर पाठीवर टाकलं आणि घराच्या दिशेने धूम ठोकली. आईला सांगायला. काकू गुडघ्यावर बसल्या होत्या तशाच राहिल्या.

घरी जाताना बारकी काकूंच्या चार पावलं पुढे चालत राहिली. दार लागल्यावर मात्र तिने आकांत मांडला. "सगळ्यांसमोर कशाला सांगितलंस? आता माझं काय? मला म्हणतील आता!"

"म्हणतील," काकू म्हणाल्या. "थोडे दिवस म्हणतील. मी रोज फाटकापर्यंत येईन."

आणि तसंच झालं. कोरस तोच राहिला, फक्त आता तो बारकीच्या मागून चालायला लागला. भिंगरी पुढच्या बाकावर आली. तिने त्या कोरसात आवाज मिसळला नाही. बारकीशी बोलायलाही ती गेली नाही. ती दुसऱ्या मुलींबरोबर डबा खायला बसायला लागली.

एका संध्याकाळी बारकी शिवणाची मोठी कात्री घेऊन आईपुढे उभी राहिली. "माझे पण काप. भिंगरीएवढे."

काकूंनी कात्री हातात घेतली. त्यांना ते एकदम पटलं. इतकं पटलं, की बारकीला घेऊन त्या समोरच्या दारी गेल्या, भिंगरीच्या आईसमोरच कापावेत म्हणून. बेकरीवालीने आधी कात्रीकडे बघितलं, मग बारकीच्या शेपटीकडे.

"कशाला?" ती म्हणाली. "हिचे कापून माझीचे वाढणार आहेत का? आहेत तेवढे राहू द्या पोरीचे. आधीच काय मोठं रान आहे!"

आतून भिंगरीचं हसू ऐकू आलं. बारकी लाजली, आणि मग तीही किंचित हसली. काकूंना एवढं लाजिरवाणं वाटलं, की कात्री पाठीमागे लपवून त्या घरी आल्या. आपण पुन्हा सोपं काहीतरी शोधायला गेलो होतो, हे त्यांना कळलं.

दिवस गेले. मुली जे विसरायचं ते विसरल्या. बारकी आणि भिंगरी जिन्यात आधी भांडायला लागल्या आणि भांडता भांडता खेळायला. भिंगरीचे केस कानांवर आले, मग मानेवर. काकूंना ते रोज दिसायचे. दुकानात पडद्याची कड शिवताना त्यांना उगीचच ते केस आठवायचे. हाताला त्यांचं वजन अजून माहीत होतं. बायका आता वेण्यांबद्दल काही बोलत नसत. काकूही फाटकापाशी फार थांबत नसत.

एका सुट्टीच्या दिवशी दारावर थाप पडली. बेकरीवाली होती, मागे भिंगरी.

"ताई, एक काम होतं," ती म्हणाली. आवाज कोरडाच होता, पण भांडायचा नव्हता. "मी सकाळची पाळी बदलून घेतलीय. आता मी हिला आवरून मग जाणार. हिचे केस लवकरच वेणीला येतील. मला वेणी नीट घालता येत नाही. शिकवाल का?"

"हो! ये ना, मी घालते, तू बघ," काकूंनी लगबगीने स्टूल पुढे ओढलं आणि भिंगरीकडे हात केला.

"तुम्ही नका घालू," बेकरीवाली म्हणाली. "मला शिकवा. हिच्यावर नको, हिचे अजून पुरत नाहीत. बारकीच्या डोक्यावर शिकते मी."

काकूंचा हात खाली आला. "बरं," त्या म्हणाल्या.

बारकी येऊन स्टुलावर बसली. बेकरीवाली तिच्यामागे बसली, काकू बाजूला जमिनीवर. काकू सांगत होत्या, ती करत होती. "तीन भाग सारखे कर. उजवीकडचा मधल्यावरून. आता डावीकडचा." बेकरीवालीची जाड, ताकदीची बोटं त्या बारीक केसांत धडपडत होती. "पीठ बरं हो, गप बसतं तरी," ती वैतागून म्हणाली. "हे डोकं हलतंय!" तिने एक पेड जोरात ओढला. बारकीचे डोळे पाण्याने भरले. ती ओठ दाताखाली धरून बसून राहिली.

"दुखतंय का गं?"

"नाही."

"दुखत असेल तर सांगायचं."

बारकीने एकदा आईकडे बघितलं. काकूंनी होकाराची मान हलवली.

"दुखतंय," बारकी म्हणाली. "खूप दुखतंय, मावशी."

"मग आधी नाही का बोलायचं, वेडे!" बेकरीवालीने हात सैल केला. वेणी पार ढिली पडून बाजूला झुकली. भिंगरी पुढे येऊन वाकून बघायला लागली. "आई, ही वेणी आहे की कपडे वाळत घालायची दोरी?"

बेकरीवालीला हसू फुटलं, बारकीही हसली. काकूंना आपण हसावं की नाही ते कळेना. त्या रिबीन हातात धरून बसून राहिल्या. मग बेकरीवालीने त्यांच्याकडे न बघताच हात पुढे केला आणि काकूंनी रिबीन तिच्या हातावर ठेवली.

"उद्या परत येऊ का?" जाताना तिने विचारलं.

"ये की. रोज ये."

ती आली. बरेच दिवस आली. हात बसल्यावर यायची थांबली. त्यानंतर समोरच्या घरात सकाळी दिवा असायचा आणि भिंगरी आवरून बाहेर पडायची, कधी एक वेणी वर, एक खाली. बारकी तिची वाट बघत जिन्यात उभी असायची. काकूंशी भिंगरी हसून बोलायची, विचारलं तर शाळेतलं सांगायचीही. तिचं डोकं मात्र काकूंच्या पुढ्यात पुन्हा कधी आलं नाही. काकूंनीही ते मागितलं नाही.